प्रवाशांचा श्वास आणि भिंतीवरची चित्रे

१९६३ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागातील एका गुहेचे दार सर्वसाधारण प्रेक्षकांना बंद करण्यात आले. लास्को हे त्या गुहेचे नाव. दार बंद करविणारे गृहस्थ कलेचे वैरी नव्हते. ते फ्रान्सचे त्या वेळचे सांस्कृतिक मंत्री आणि नामांकित कादंबरीकार आंद्रे मालरो हे होते. गुहेत दरड कोसळली नव्हती, चोरी झाली नव्हती, की कोणी माथेफिरूने चित्रांवर घाव घातला नव्हता. घडले होते ते इतकेच की, पंधरा वर्षे माणसे मोठ्या आदराने त्या गुहेत जात होती, चित्रे न्याहाळीत होती, आणि श्वासोच्छ्वास करीत होती.

ही गुहा १९४० च्या सप्टेंबर महिन्यात माँतिन्याक या गावाजवळच्या टेकडीवर चार मुलांना सापडली. आत बैल, घोडे, हरिणे यांची शेकडो चित्रे होती. सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची, आणि तरीही रंग काल दिल्यासारखे ताजे. महायुद्ध संपल्यानंतर १९४८ साली गुहा लोकांसाठी खुली झाली. पायऱ्या बांधल्या गेल्या, दिवे लागले, तिकिटे सुरू झाली. १९५५ च्या सुमारास दिवसाला १,२०० पर्यंत माणसे आत जाऊ लागली. हवा शुद्ध व थंड राखण्यासाठी पुढे यंत्रही बसविण्यात आले. परंतु १९६० च्या सुमारास भिंतींवर हिरवे ठिपके दिसू लागले. हे ठिपके म्हणजे सूक्ष्म शेवाळ होते. त्यास तेथील शास्त्रज्ञांनी ‘हिरवा रोग’ असे नाव दिले. त्यामागोमाग ‘पांढरा रोग’ही ध्यानात आला : काही भिंतींवर चुन्याच्या बारीक स्फटिकांचा पडदा चढू लागला होता. जी चित्रे १७,००० वर्षे अंधारात सुखाने नांदली, ती पंधरा वर्षांच्या कौतुकाने आजारी पडली.

माणूस गुहेत काय सोडून जातो?

माणूस एखाद्या जागी नुसता उभा राहिला, कशासही हात लावला नाही, तरी तो त्या जागेला काही ना काही देत असतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडते. म्हणजे जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा विजेचा दिवा जितका तापतो तितकाच तोही तापतो, असे म्हणावयास हरकत नाही. श्वासावाटे आणि त्वचेवाटे तो दर तासाला साधारणतः ५० ग्रॅम पाणी बाष्परूपाने हवेत मिसळतो. शिवाय दर तासाला सुमारे २० लिटर कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, तो उच्छ्वासातून बाहेर टाकतो. बाहेरील हवेत हा वायू दहा लक्ष भागांत ४२० भागांच्या आसपास असतो. उच्छ्वासात मात्र तो सुमारे शंभरपट असतो.

एका माणसाचे हे आकडे क्षुल्लक वाटतील. पण लास्कोसारख्या ठिकाणी १,२०० माणसे प्रत्येकी अर्धा तास आत राहिली असे धरून हिशेब केला, तर एका दिवसात ३० लिटर पाणी आणि १२,००० लिटर कर्बाम्ल वायू गुहेत जमा होतो. दोन-तीन घागरी पाणी रोज नेऊन कोणी चित्रांवर शिंपडले असते, तर त्यास तत्काळ अटक झाली असती. तेच पाणी प्रेक्षक स्वतःच्या फुप्फुसांतून तिकीट काढून आत नेत होते, एवढाच काय तो फरक.

हे पाणी जाते कोठे? खोल गुहेचे उष्णतामान वर्षभर जवळजवळ सारखे असते व तिची भिंत थंड असते. माणसांच्या उबेने तापलेली दमट हवा अशा थंड भिंतीस टेकली, की पावसाळ्यात पाण्याच्या लोट्यावर बाहेरून थेंब धरतात, तसा तिच्यावर पाण्याचा पातळ थर धरतो. या थरात हवेतील कर्बाम्ल वायू विरघळतो आणि सौम्य आम्ल तयार होते. लास्कोची भिंत चुनखडीच्या दगडाची आहे. चुनखडी साध्या पाण्यात फारशी विरघळत नाही. या आम्लात मात्र ती विरघळते. रात्री माणसे निघून गेली, हवा निवली, वायूचे प्रमाण उतरले, की रासायनिक क्रिया उलट दिशेने चालू होते आणि विरघळलेला चुना पुन्हा स्फटिकरूपाने बाहेर पडतो. परंतु तो आपल्या मूळ जागी परतत नाही. तो चित्राच्या अंगावर बसतो. पांढऱ्या रोगाचे कारण हेच.

हिरव्या रोगाची कथा निराळी. शेवाळास वाढण्यासाठी ओलावा, थोडे अन्न आणि प्रकाश ही तीनही लागतात. ओलावा श्वासाने दिला. धूळ, परागकण व सूक्ष्म बीजाणू पादत्राणांबरोबर आत आले. आणि प्रकाश दिव्यांनी पुरविला. दिव्याखाली अंधार, अशी आपल्याकडे म्हण आहे. गुहांच्या बाबतीत दिव्याखाली शेवाळ असते, असे म्हटले पाहिजे. जगातील पुष्कळशा प्रकाशित गुहांत नेमके दिव्यांच्या भोवती हिरवे वर्तुळ उमटलेले आढळते.

शेवाळाचा नायनाट औषधांच्या फवाऱ्याने झाला, पण गुहा पूर्ववत झाली नाही. २००१ साली, नवी वातानुकूलन यंत्रणा बसविल्यानंतर लवकरच, तेथे पांढऱ्या बुरशीने एकाएकी उचल खाल्ली. त्यानंतर काही वर्षांनी काळे डाग दिसू लागले. एकदा बिघडलेले जीवांचे संतुलन औषधांनी सावरत नाही, कित्येकदा ते अधिकच बिघडते, हा धडा शास्त्रज्ञांना तेथे फार महागात मिळाला. दार बंद करून अर्धशतक उलटले, तरी रोगी अजून शुश्रूषेखालीच आहे.

अजिंठ्याची भिंत

लास्कोचा अनुभव जसाच्या तसा भारतास लागू करता येत नाही. अजिंठ्याची लेणी ही निसर्गाने घडविलेली खोल गुहा नव्हे. वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कड्यात, माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेली ती तीस दालने आहेत. त्यांतील काही इसवी सनापूर्वी दुसऱ्या व पहिल्या शतकांत, तर बाकीची पाचव्या शतकात, वाकाटकांच्या अमदानीत खोदली गेली. खडक चुनखडीचा नसून ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला काळा बेसाल्ट आहे. दालनांची दारे मोठी असल्यामुळे बाहेरची हवा आत खेळू शकते. त्यामुळे लास्कोचा पांढरा रोग येथे त्याच स्वरूपात उद्भवण्याचे कारण नाही.

परंतु येथे चित्रे दगडावर नाहीत. ती मातीवर आहेत. कारागिरांनी खडकाची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली. तिच्यावर चिकणमाती, वाळू, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यानंतर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि दूरदेशाहून आणलेला लाजवर्द नावाचा निळा दगड, असा हा रंगांचा संसार. पाश्चात्त्य पद्धतीच्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यातच रंग मुरवितात व चुन्याबरोबर ते दगडासारखे घट्ट होतात. अजिंठ्याचा रंग तसा मुरलेला नाही. तो वर बसलेला आहे. आणि ज्या मातीवर तो बसला आहे ती माती स्वभावतःच पाणी पिणारी आहे.

ज्याने मातीचे घर सारवले आहे त्यास पुढची गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. चिकणमाती ओलावा घेते तेव्हा फुगते, सुकते तेव्हा आकसते. खडक मात्र फुगत नाही, आकसतही नाही. एक हलणारा थर न हलणाऱ्या थराला चिकटवून ठेवला आणि हा खेळ दिवसामागून दिवस चालू राहिला, तर त्या दोहोंमधील सांधा सुटू लागतो. गिलाव्यास पोकळी धरते, फुगवटे येतात, आणि एके दिवशी चित्राचा तुकडा गळून पडतो. तुसासारखे सेंद्रिय पदार्थ ओलाव्यात कुजतात, त्यांवर कीटक पोसतात. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात तागासारख्या भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत व त्यामुळे तेथे कीटकांचा उपद्रव कमी झाला असावा. अजिंठ्याच्या गिलाव्यात असे तंतू नाहीत, असा एका संशोधनाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने गारा कालविताना कोणता पाला हाताशी घेतला, यावर आजच्या चित्रांचे आयुष्य ठरावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अर्थात, अजिंठ्याचे सर्व दुखणे प्रवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खडकाच्या चिरांतून पावसाळ्यात पाझरणारे पाणी, वटवाघळे व त्यांची विष्ठा, कीटक, आश्रयास राहिलेल्यांच्या चुलींचा धूर ही कारणे जुनी आहेत. यापेक्षाही खेदाची गोष्ट ही की, काही हानी चित्रांच्या चाहत्यांनीच केली. १८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि त्याच्यामुळे अजिंठा पुन्हा जगाच्या नजरेस पडला, हे प्रसिद्धच आहे. त्याने दहाव्या लेण्यात, एका रंगविलेल्या आकृतीवर, आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे अद्याप अंधुकशी दिसतात. अजिंठ्याच्या पहिल्या आधुनिक प्रवाशानेच तेथे नाव कोरण्याचा परिपाठ घालून दिला असे म्हणावे लागते. त्यानंतर आलेल्या काही हौशी मंडळींनी चित्रांचे तुकडे सोलून नेले. चित्रांची नक्कल करणाऱ्यांनी रंग उजळ दिसावेत म्हणून त्यांवर रोगण चढविले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून सुटू पाहणारा गिलावा बसवून घेतला. त्या कामाने पुष्कळ चित्रे वाचली, परंतु त्या वेळी दिलेला लाखेचा लेप काळाने पिवळा पडला व त्याने मूळ रंग झाकोळले. पुढे तो लेप हळूहळू उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

अशा या जर्जर भिंतीपुढे आता दर वर्षी काही लक्ष माणसे येऊन उभी राहतात. तीस लेण्यांपैकी चित्रे खऱ्या अर्थाने शिल्लक आहेत ती थोड्यांतच. त्यांतही १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांकडे सर्वांचा ओढा असतो. म्हणून डोंगरावर एकूण माणसे किती आली, हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. पहिल्या लेण्यात, पद्मपाणीच्या समोर, एका वेळी किती माणसे उभी होती आणि किती वेळ, हा आकडा महत्त्वाचा.

तो हिशेब कागदावर करून पाहता येतो. २० मीटर लांब, २० मीटर रुंद व ४ मीटर उंच असे एक दालन कल्पावे. त्यात १,६०० घनमीटर हवा मावते. आत चाळीस माणसे आहेत. त्यांच्या उष्णतेची बेरीज ४,००० वॉट, म्हणजे पाणी तापविण्याच्या दोन मोठ्या विद्युत्-शेगड्यांइतकी, होते. हवा मुळीच बदलली नाही आणि भिंतीने काहीच शोषले नाही, तर तासाभरात दालनाचे उष्णतामान सात अंश सेल्सिअसहून अधिक वाढेल. कर्बाम्ल वायूचे प्रमाण त्याच तासात दुपटीच्याही पुढे जाईल. हवेत दोन लिटर पाण्याची भर पडेल. प्रत्यक्षात उष्णतामान एवढे वाढत नाही. का वाढत नाही? काही हवा दारावाटे बदलते हे खरे. पण उरलेली उष्णता आणि ओलावा भिंत आपल्या अंगावर घेते. प्रेक्षकास आत गुदमरल्यासारखे होत नाही, याचे श्रेय काही अंशी त्या गिलाव्याकडेच जाते.

आणि बाहेरची ऋतुचक्रे निराळीच. हिवाळ्यात व उन्हाळ्यात तेथील हवा कोरडी असते. रात्री गिलावा सुकतो, दिवसा माणसांच्या ओलाव्याने तो पुन्हा दमट होतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे दालन सुकावयास अवधी मिळत नाही. आणि हिरवा डोंगर व धबधबा पाहण्यासाठी गर्दी तर त्याच दिवसांत लोटते.

धारणक्षमता म्हणजे काय?

पर्यटनशास्त्रात ‘धारणक्षमता’ हा शब्द अलीकडे वारंवार येतो. मूळ कल्पना कुरणाची आहे. एका कुरणावर किती गुरे चरली म्हणजे गवत पुन्हा तितकेच उगवेल, त्या संख्येस त्या कुरणाची धारणक्षमता म्हणतात. हीच कल्पना पर्यटनस्थळांस लावावी, असे तज्ज्ञांनी सुचविले. तथापि प्रारंभी तिचा अर्थ फार ढोबळ केला गेला : जागा इतके चौरस मीटर, एका माणसास इतके चौरस मीटर, भागाकार करा की झाले उत्तर. समुद्रकिनाऱ्यास किंवा उद्यानास हे गणित चालून जाईल. लेण्यास ते चालत नाही. लेण्यात माणसे किती मावतात, हा प्रश्नच नव्हे. माणसे बाहेर पडल्यावर हवा पूर्वस्थितीवर येण्यास किती वेळ लागतो आणि तोपर्यंत पुढची टोळी थांबते की नाही, हा खरा प्रश्न होय. कुरणातले गवत जसे महिन्या-दोन महिन्यांनी उगवते, तसा लेण्यातील कोरडेपणाही पुन्हा ‘उगवावा’ लागतो.

या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास चीनमध्ये झाला. गोबी वाळवंटाच्या कडेला तुनहुआंग या गावाजवळ मोगाओ नावाची बौद्ध लेणी आहेत. तेथील ७३५ लेण्यांपैकी ४९२ लेण्यांत चित्रे व मूर्ती आहेत. आणि योगायोग असा की, तेथेही चित्रे मातीच्या गिलाव्यावरच काढलेली आहेत. भारतातून मध्य आशियामार्गे गेलेल्या बौद्ध धर्माबरोबर डोंगर कोरून त्याच्या भिंती रंगविण्याची परंपराही तेथवर पोचली होती. तेथील संशोधन संस्थेने अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेच्या साहाय्याने १९८९ पासून काम आरंभिले व २००१ नंतर प्रेक्षकसंख्येचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. लेण्यांत आर्द्रता, उष्णतामान आणि कर्बाम्ल वायू मोजणारी यंत्रे बसविली. माणसे आत जाताना व बाहेर आल्यावर दर काही मिनिटांनी नोंदी घेतल्या.

त्यातून असे निष्पन्न झाले की, तेथील गिलाव्यात मिठासारखे क्षार आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेच्या खाली असेपर्यंत ते स्फटिकरूपात निपचित असतात. मर्यादा ओलांडली की, पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठास जसे पाणी सुटते, तसे त्यांस पाणी सुटते. आर्द्रता उतरली की पुन्हा स्फटिक बनतात. प्रत्येक वेळी स्फटिक वाढताना आजूबाजूची माती किंचित रेटली जाते, आणि रंगाचा थर सैल होतो. हा धोका टाळण्यासाठी लेण्यातील सापेक्ष आर्द्रतेची मर्यादा ६२ टक्के ठरविण्यात आली. लहान लेणी प्रेक्षकांस वगळली गेली. एका टोळीत २५ हून अधिक माणसे घ्यावयाची नाहीत असे ठरले. एक आकडा वरून लादण्याऐवजी भिंतीस विचारून तो काढला गेला, हे या कामाचे वैशिष्ट्य.

पण नुसता आकडा काढून भागत नाही. परत पाठविलेल्या माणसांचे काय करावयाचे, हाही प्रश्न असतो. २०१४ साली मोगाओपासून दूर, वाळवंटात, एक स्वागतकेंद्र उघडण्यात आले. प्रेक्षकाने आगाऊ तिकीट घ्यावयाचे, प्रथम केंद्रात लेण्यांविषयीचे चित्रपट पाहावयाचे, मग बसने लेण्यांकडे जाऊन वाटाड्याबरोबर ठराविक आठ लेणी पाहावयाची, अशी व्यवस्था झाली. इतिहास, कथा, चित्रांतील बारकावे हे सर्व आधीच समजल्यामुळे प्रत्यक्ष लेण्यात माणसास कमी वेळ थांबावे लागते. पूर्वी दिवसाला ३,००० ही मर्यादा होती. या व्यवस्थेमुळे ती ६,००० पर्यंत वाढविता आली. म्हणजे संरक्षणाचा उपाय केल्याने प्रेक्षक घटले नाहीत, दुपटीने वाढले. सणासुदीच्या गर्दीत मात्र ही मर्यादाही अपुरी पडते, आणि अशा वेळी आठांऐवजी चारच लेणी दाखविणारे जादा तिकीट काढण्याची युक्ती तेथील व्यवस्थापकांना करावी लागली.

डोंगराखालची माणसे

अजिंठ्यातही उपाय झाले आहेत. फर्दापूरच्या फाट्यावर, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अंतरावर, खाजगी वाहने थांबवून पुढे राज्य परिवहनाच्या बसने प्रेक्षकांस नेण्यात येते. त्यामुळे धूर व कंप लेण्यांच्या पायथ्याशी पोचत नाहीत. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढून जावे लागते. छायाचित्रासाठी झगमगाट करण्यास मनाई आहे. एके काळी दारात आरसे धरून सूर्यप्रकाश आत फेकला जाई. त्याऐवजी मंद, थंड दिव्यांची योजना झाली. सोमवारी लेणी बंद असतात, आणि आठवड्यातून एकदा भिंतीस निःश्वास टाकावयास मिळतो.

लेण्यांच्या प्रतिकृतीही झाल्या. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेल्या योजनेत फाट्याजवळ अभ्यागत केंद्र बांधण्यात आले व २०१३ साली ते खुले झाले. १, २, १६ आणि १७ या चारही लेण्यांच्या प्रतिकृती तेथे होत्या. कल्पना मोगाओसारखीच होती. परंतु काही वर्षांनी वीज व पाणी यांची देयके थकल्यामुळे केंद्र बंद पडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून आल्या. दोन्ही ठिकाणचा फरक विज्ञानाचा नव्हे. मोगाओत नेहमीचे तिकीट घेणारा प्रेक्षक केंद्रातून गेल्यावाचून लेण्यापर्यंत पोचतच नाही. अजिंठ्यात केंद्र हे वाटेवरचे एक ऐच्छिक ठिकाण राहिले, आणि ज्यास वेळ कमी तो ते टाळून थेट डोंगराकडे वळला.

वेळ कमी असण्यालाही कारण आहे. लेणी छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहेत. पुष्कळसे प्रवासी सकाळी निघतात, भर दुपारी लेणी पाहतात आणि संध्याकाळी परततात. त्यामुळे सगळी गर्दी दिवसाच्या मधल्या चार तासांत एकवटते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात तेव्हा तर पहिल्या लेण्याच्या दारात रांग लागते, आणि त्याच वेळी अवघ्या काही पावलांवर, उत्कृष्ट शिल्पांनी भरलेले एखादे लेणे रिकामे असते. एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांतील शिल्पांस श्वासाची भीती फारशी नाही. तेथे माणसे वळविता आली, तर चित्रांवरचा भार एक दमडीही खर्च न करता हलका होईल.

संख्येवर मर्यादा घालावी असे म्हणणे शहरात बसून सोपे आहे. फर्दापूर आणि आसपासच्या गावांतील शेकडो कुटुंबांचे पोट या रांगेवर चालते. म्हाताऱ्यांना डोलीत बसवून पायऱ्या चढविणारे, बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक विकणारे, वाटाडे, उपाहारगृहांतील नोकर, या सर्वांस दिवसाचा ग्राहक हाच दिवसाचा धान्यकोठा आहे. मर्यादा आली तर प्रथम झळ त्यांस बसते. चित्र नष्ट झाले तरी अखेरीस झळ त्यांसच बसते. ही दुहेरी कोंडी फोडण्याचा एक मार्ग हिशेबाचा आहे. चार तासांत चारशे माणसे येऊन गेली काय, किंवा दोनशे माणसे येऊन रात्री गावात मुक्कामास राहिली काय, भिंतीच्या दृष्टीने पहिला प्रकार दुप्पट भाराचा आहे. परंतु गावाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक लाभाचा ठरू शकतो, कारण मुक्कामी माणूस जेवतो, झोपतो, सकाळी चहा घेतो, आणि घाईत नसल्यामुळे सकाळच्या थंड वेळी लेणी पाहतो. ‘शाश्वत पर्यटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराचा गाभा हाच होय. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ हे वर्ष त्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

विचार जुना वाटला तरी निकड नवी आहे. १९५० साली साऱ्या जगात मिळून परदेश-प्रवास करणाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी होती. २०१९ साली ती १४६ कोटींच्या घरात पोचली. लास्कोचे दार बंद झाले तेव्हा विमानाने सहलीस जाणे ही श्रीमंतांची चैन होती.

प्रतिकृतीने समाधान होते काय?

लास्कोच्या शेजारी १९८३ साली गुहेच्या प्रमुख भागांची हुबेहूब प्रतिकृती उघडण्यात आली, आणि २०१६ साली टेकडीच्या पायथ्याशी जवळजवळ संपूर्ण गुहेची दुसरी, अधिक अचूक प्रतिकृती झाली. फ्रान्समध्येच १९९४ साली सापडलेली शोव्हे ही गुहा तर लोकांस कधी उघडलीच नाही. तिची प्रतिकृती मात्र २०१५ पासून पाहावयास मिळाली. नक्कल ती नक्कलच, असे म्हणणारे अनेक आहेत, व त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण अजिंठ्याचा इतिहास येथे एक विलक्षण साक्ष देतो. १८४४ नंतर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून चित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांतील कित्येक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मूळ चित्रे मातीच्या भिंतीवर टिकली, नकला सुरक्षित इमारतीत नष्ट झाल्या. तरीही उरलेल्या नकलांचे मोल आज फार आहे. भिंतीवरून जे गळून गेले, त्यांतील काही भाग आता केवळ त्यांतच दिसतो.

स्पेनमधील आल्तामिरा या चित्रगुहेने या प्रश्नावर एक निराळीच तोड काढून पाहिली. १९७३ साली त्या गुहेत पावणेदोन लक्षांच्या आसपास प्रेक्षक गेले होते. १९७७ साली ती बंद झाली. १९८२ पासून मोजक्या प्रेक्षकांस पुन्हा उघडली. २००२ साली पुन्हा बंद झाली. तोपर्यंत शेजारी प्रतिकृती तयार झाली होती. मग २०१४ साली एक प्रयोग सुरू करण्यात आला. आठवड्यातून एका ठराविक दिवशी प्रतिकृती पाहण्यास आलेल्यांतून चिठ्ठी टाकून पाच जणांची निवड होई. त्यांस अंगभर विशेष पोशाख, तोंडावर मुखपट्टी आणि निराळी पादत्राणे देण्यात येत. वाटाड्याबरोबर ते मूळ गुहेत जात, आणि बरोबर ३७ मिनिटांनी बाहेर येत. त्यांच्या मागे यंत्रे हवेचे उष्णतामान, आर्द्रता व कर्बाम्ल वायू नोंदवीत राहत, आणि पुढच्या पाच जणांस आत सोडावयाचे की नाही, हे त्या नोंदींवरून ठरविले जाई.